आमच्या होडीचा टर्बो

आमची होडी किनाऱ्याला लागायची तेव्हा लिलाव संपलेला असायचा. हे एखाद्या दिवसाचं नाही, वर्षानुवर्षांचं सांगतेय. इतर होड्यांचा माल बर्फ टाकून टेम्पोत चढलेला, व्यापारी चहा पिऊन निघालेले, आणि मग काळा धूर सोडत आमची होडी दिसायची. आई जेट्टीवरून तो धूर बघायची आणि पाटी उचलायची. उरलेले दोन-तीन व्यापारी म्हणतील तो भाव. त्यांनी टाकलेलं आई डोक्यावर घेऊन आतल्या भातशेतीच्या गावांत फिरणार, आणि तिथेही खपलं नाही ते अंगणातल्या बांबूच्या दांड्यांवर वाळत पडणार. घोळीसारखा महागडा मासा मिळाला तरी घरी येईस्तोवर बर्फाचं पाणी झालेलं असायचं. आई म्हणायची, "तुज्या बापसाला मासली घावते, येळ घावत न्हाय."

दोष बाबांचा नव्हता, इंजिनाचा होता. सहा सिलिंडरचं, ट्रकमधून उतरवलेलं जुनं धूड बाबांनी होडीत बसवलं होतं. पाणी शांत असलं की चालायचं बिचारं. पण जाळं भरून, बर्फाच्या पेट्या भरून, ओहोटीच्या उलट यायचं म्हटलं की दम लागायचा. मामा, म्हणजे आईचा भाऊ, होडीवर ड्रायव्हर. आमच्याकडे होडीचं इंजिन सांभाळणाऱ्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि ज्याच्यावर होडीच्या मालकीबरोबर सगळ्यांच्या जिवाची जबाबदारी असते तो तांडेल. तांडेल बाबा. मामा वेग वाढवायला डिझेल सोडायचा, ते अर्धवट जळायचं आणि धूर होऊन बाहेर पडायचं. होडीचा वेग तेवढाच. चांगले खलाशी एकेक करून मोठ्या ट्रॉलरवर गेले. शेवटी बाबा, मामा आणि दोन म्हातारे खलाशी उरले.

याच होडीवर आणि आईच्या पाटीवर मी शिकले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मेकॅनिकल इंजिनिअर. हे सांगताना मी आवाज खाली करत नाही, कारण ते मला कोणी दिलेलं नाही. नोकरी लागली ती पनवेलच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये, ट्रकची इंजिनं खोलून पुन्हा बांधायची. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात टर्बो आला आणि मला आमच्या होडीचा धूर आठवला.

टर्बो ही काही जादू नाही. इंजिनाच्या धुरात भरपूर उष्णता आणि जोर असतो, तो फुकट हवेत जातो. त्या धुराच्या वाटेत एक छोटं पंख्याचं चाक बसवायचं. धूर त्याला फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. हवा जास्त मिळाली की तेच डिझेल पुरं जळतं. काळा धूर कमी, जोर जास्त. एवढंच. पण तो दांडा एका मिनिटात हजारो वेळा फिरतो, तापून लाल होतो, आणि त्याला धरून ठेवणारं काय, तर तेलाचा एक पातळ थर. हे शेवटचं वाक्य मला पाठ होतं. ते मी जेट्टीवर सगळ्यांना सांगितलंही होतं. चूक तिथेच झाली, पण ते पुढे.

त्या वर्षी जूनमध्ये मासेमारी बंद झाली, होडी वर ओढली आणि बाबांनी जेवताना सहज सांगावं तसं सांगितलं की शेजारच्या गावातल्या एका ट्रॉलरवाल्याला त्यांनी शब्द दिलाय. पुढच्या शिमग्यापर्यंत आपलं जमलं तर जमलं. नाही जमलं तर होडी मोडीत द्यायची आणि बाबा त्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जाणार. तीस वर्षं तांडेल असलेला माणूस दुसऱ्याच्या हुकमावर जाळं ओढणार. आईचा घास हातातच राहिला. मामा म्हणाला, "मंग मी बी येतो. भांडी घासायला कोन तरी लागंलच."

मी म्हटलं, मला हा पावसाळा द्या.

वर्कशॉपमधून एक वापरलेला टर्बो मिळवला, त्याचे बेअरिंग आणि सील बदलले, आणि रविवारी रविवारी गावी येऊन ताडपत्रीखाली तो बसवला. आमच्या गावचा मिस्त्री मदतीला होता. त्याचा एकच हट्ट: डिझेलचा पंप वाढवू, मग बघा कशी उडते होडी. मी म्हटलं, नाही. आपल्याला उडायचं नाही, वेळेवर यायचंय. पंपाला हात लावायचा नाही. तो बाबांकडे बघून म्हणाला की पोर शिकली पण भीत भीत शिकली. मी पाना उचलला आणि पुढचा बोल्ट आवळला. लाकडी होडीत एवढी तापणारी वस्तू बसवायची म्हणून सगळ्या नळ्यांना काचेच्या धाग्याचं जाड कापड गुंडाळलं. टर्बोच्या जागी आधी असलेला धुराच्या नळीचा वाकडा लोखंडी तुकडा, जुना बाक, मामाने टाकू दिला नाही. म्हणाला, तुझ्या त्या पंख्याची सवत राहू दे फळीखाली.

मग मी नियम सांगितला. लांबून जोरात आलात की इंजिन एकदम बंद करायचं नाही. तीन मिनिटं हळू चालू ठेवायचं. टर्बो अजून गरगरत असतो, तापलेला असतो, आणि इंजिन बंद केलं की त्याचं तेल बंद होतं. तेल जळून कोळसा होतो आणि दांडा खाल्ला जातो. सगळ्यांनी माना हलवल्या. मामाने तर नियम खडूने इंजिनाच्या फळीवर लिहून घेतला.

नारळी पौर्णिमेला नारळ सोडला आणि होडी पाण्यात गेली. पहिल्याच खेपेला काळा धूर दिसला नाही म्हणून आईला होडी आलेली कळलीच नाही. ती जेट्टीवर उशिरा पोचली आणि बाबांनी तिला त्यावरून आठवडाभर चिडवलं. लिलाव अजून चालू होता. घोळीला मान वाकवून बघणारे व्यापारी मी प्रथमच आमच्या पाट्यांभोवती बघितले.

दसऱ्याच्या सुमारास मामाचा फोन आला की धूर निळा येतोय. थोडाच. आणि तेल दर खेपेला थोडं थोडं कमी होतंय.

निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळतंय. मी विचारलं, तीन मिनिटं ठेवतोस ना चालू? तो म्हणाला, ठेवतो की. मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "आता काय देवाची शपत घालशील?" आवाजावरून मला कळलं की तो खोटं बोलतोय, आणि खोटं बोलायला त्याला बरं वाटत नाहीये. त्याच आठवड्यात ट्रॉलरवाला जेट्टीवर येऊन आमच्या होडीभोवती एक फेरी मारून गेला. जाताना लाकूड ठोकून बघितलं.

मी रजा घेतली आणि घरी सांगितलं, मी होडीवर येणार.

आमच्याकडे बाई मासळी विकते, सुकवते, लिलावात भल्याभल्यांना गप्प करते, पण मासेमारीला जात नाही. कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण जात नाही. शेजारची काकू आईला मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाली, पोर होडीवर चालली, मग बाजारात बापूस बसेल काय पाटी घेऊन? आई म्हणाली, "बसंल. तुज्या नवऱ्यापरीस चांगला भाव करंल." पण मला ती आत घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, तुझा बापूस तिथं काय करतो ते नीट बघ. तिला स्वतःला ते कधी बघायला मिळालं नव्हतं.

पहाट सरल्यावर निघालो. थळच्या कारखान्याच्या चिमण्या मागे पडल्या, खांदेरी बेटाचा खडक डाव्या हाताला राहिला. मी इंजिनाजवळ फळीवर बसले. टर्बोची एक शिट्टी असते, बारीक, सरळ. आमच्या टर्बोची शिट्टी थरथरत होती. मी मामाकडे बघितलं. तो समुद्राकडे बघत होता.

खांदेरीच्या बाहेरून वळसा घेत तासाभर जोरात चाललो. बाबा पुढे होडीच्या टोकाला, नाळेवर उभे होते. अचानक त्यांनी उजवा हात वर केला आणि खाली आणला. मामाने त्याच क्षणी इंजिन बंद केलं. तीन मिनिटं सोडा, तीन सेकंदही नाही. मी तोंड उघडलं. एका म्हाताऱ्या खलाशाने ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं.

बाबांनी एक लांब वल्हं पाण्यात उभं सोडलं, दुसरं टोक कानाला लावलं आणि डोळे मिटले. होडीवर कोणी हललं नाही. कोणी खोकललं नाही. घोळ आणि ढोमी हे मासे पाण्याखाली आवाज करतात, हे मी लहानपणापासून ऐकून होते. पण बाबा तो आवाज लाकडातून ऐकतात, थवा कुठे आहे, केवढा आहे, कुठे सरकतोय, हे त्या वल्ह्यातून ठरवतात, हे मी कधी बघितलंच नव्हतं. त्या शांततेत तापलेला टर्बो माझ्या गुडघ्याशी टिकटिक वाजत निवत होता आणि मला ऐकू येत होतं की मी त्याला मारतेय. बाबा नाहीत, मामा नाही. तीन मिनिटांचा नियम मी जेट्टीवर उभं राहून केला होता. समुद्रात माझ्या बापाचं काम कसं चालतं, हे विचारण्याची गरज मला वाटली नव्हती.

बाबांनी मान हलवली. इथे नाही, पुढे. असं दिवसातून पंधरा-वीस वेळा होतं, हे मला नंतर कळलं. पंधरा-वीस वेळा एकदम बंद.

मामाने इंजिन सुरू केलं, वेग घेतला. शिट्टी किंचाळायला लागली. मी ओरडले, मामा, वेग कमी कर. त्याने कमी केला. इंजिन कमी झालं नाही.

ते वाढतच गेलं. मामाने बंद करायची दांडी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली, दोन हातांनी. मागे निळ्यापांढऱ्या धुराचा डोंगर उठला, खलाशी दिसेनासे झाले. फळ्या थरथरायला लागल्या. मला कळलं काय झालंय. टर्बोचं सील गेलं होतं. इंजिन आता डिझेलवर चालत नव्हतं, स्वतःचंच तेल हवेच्या वाटेने ओढून जाळत होतं. असं इंजिन डिझेल बंद करून थांबत नाही. तेल संपेपर्यंत पळतं, नाहीतर फुटतं. आणि फुटलं तर लोखंडाचे तुकडे लाकडी होडीतून कुठेही जातात.

त्याला थांबवायचा एकच उपाय आहे. हवा तोडायची.

मी हवा गाळणाऱ्या जाळीचा डबा उपटून काढला. नळीचं तोंड उघडं पडलं, चार-पाच बोटं रुंद, आणि ते एवढ्या जोराने ओढत होतं की माझी ओढणी तिकडे गेली. मामाने ओढणी धरून मला मागे खेचलं आणि कमरेचा पंचा सोडून पुढे केला. मी किंचाळले, कापड नको, ओढून घेईल. हात तर अजिबात नको. फळीवर मामाची न्याहारीची जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, ताटली पडली होती. मी ती उलटी केली आणि दोन्ही हातांनी त्या तोंडावर दाबली.

ताटली चिकटली. मधोमध आत दबली, वाकली, मला वाटलं आता फाटणार. इंजिन एकदा खोकललं. दोनदा. मग बंद पडलं.

कानात नुसता नाद उरला. बाबा धुरातून मागे आले, आधी माझे हात बघितले, मग मामाचे. मग समुद्राकडे बघितलं आणि म्हणाले, "नांगर टाका. खडकावर चाललोय."

नांगर पहिल्यांदा धरला नाही. घसरत गेला. खांदेरीच्या बाजूचे फेसाळणारे खडक आता चांगले दिसत होते. दुसऱ्यांदा टाकला तेव्हा दोरी ताणली गेली आणि होडी वळून उभी राहिली. बाबा दोरीवर पाय ठेवून उभे राहिले. किती वेळ धरेल, विचारलं तर म्हणाले, धरेल तेवढा वेळ तुझा.

मी आणि मामाने गरम बोल्ट पंचा गुंडाळून सोडवले. टर्बो उतरवला. त्याचा दांडा हातात डगडगत होता. मामाने फळीखालून जुना बाक काढला आणि प्रथमच काही टोमणा मारला नाही. बाक बसवला, टर्बोच्या तेलाची नळी ठोकून बंद केली, नवं तेल ओतलं. मामा म्हणाला, मार सुरू. मी म्हटलं, थांब. हवेच्या वाटेत तेल साचलं होतं. ते तसंच राहिलं तर इंजिन पुन्हा तसंच पळालं असतं. मी हात घालून, चिंध्यांनी, बोटांनी, सगळं पुसून काढलं. दोरी कुरकुरत होती. बाबांनी एकदाही घाई कर म्हटलं नाही.

सुरू करताना मी ती वाकडी ताटली हातात धरून बसले होते. इंजिन लागलं, थोडं वाढलं, आणि जागेवर राहिलं. आमचं जुनं, दमेकरी, काळा धूर सोडणारं इंजिन. मामा खाली बसला.

येताना बाबा माझ्याजवळ येऊन बसले. मी सांगितलं की चूक माझी आहे. बंद करायच्या आधी इंजिन थंड व्हायला हवं, आणि ऐकायचं तर इंजिन बंद हवं, आणि हे दोन्ही कसं जमवायचं ते मला येत नाही. शिकून आल्यापासून घरात मी पहिल्यांदाच म्हटलं की मला येत नाही. आता टर्बो काढून टाकू, मी म्हटलं. शिमगा येईल तेव्हा येईल.

बाबांनी विचारलं, एका जागी उभं राहूनच थंड व्हायला पायजे, की हळू चाललं तरी थंड होतं? मी म्हटलं, हळू चाललं तरी होतं. ओझं नसलं की झालं.

"मंग मी हात दोनदा करंन," बाबा म्हणाले. "जागा यायच्या आदी अर्धा. तवा हळू. मंग पुरा. तवा बंद."

मी म्हटलं, पण वेळ जाईल. जागेवर पोचायला उशीर होईल.

"बाय, मी काय नुसतं ऐकतो व्हय? हळू गेलो तर मासली बी कमी बुजंल. माजा बापूस वल्ह्यानंच जायचा, त्याला लई घावायची. इंजिन आलं तवा आमी धावाया शिकलो."

मामा मागून म्हणाला, मग मला अर्धा हात आणि पुरा हात यातला फरक लांबून दिसणार कसा, मला चष्मा लागलाय. बाबा म्हणाले, अर्ध्या हाताला डावा हात करीन. हा प्रश्न तिथेच मिटला.

मार्गशीर्षात मी नवं बेअरिंग आणि नवी सीलं घालून टर्बो पुन्हा बसवला. या वेळी दोन गोष्टी जास्त केल्या. तेलाची नळी रुंद केली, आणि हवेच्या तोंडावर आडवी सरकणारी एक लोखंडी झडप बसवली, तिची दांडी मामाच्या उजव्या हाताशी. पुन्हा कधी ताटली शोधायला लागू नये म्हणून. आणि पहिले चार दिवस मी होडीवर गेले. डावा हात वर गेला की मामा इंजिन हळू करायचा आणि मी मोजायचे. तीन मिनिटं, कधी चार. टर्बोच्या तेलाची नळी हाताला सोसवेल इतकी निवलेली असायची. मग उजवा हात खाली यायचा. शांतता. वल्हं पाण्यात.

तरीही शिमग्यापर्यंत मला झोप लागली नाही. फोन वाजला की आधी मामाचं नाव दिसतंय का ते बघायचे. दर रविवारी टर्बोची पुढची नळी काढून दांडा बोटाने हलवून बघायचे. मामा म्हणायचा, पोरगी नाडी बघायला आली. दांडा हलत नव्हता. तेल कमी होत नव्हतं.

डिझेल मी मोजलं, त्याच जागेपर्यंत, तेवढ्याच मालावर, भरती-ओहोटी बघून. आधी पाच कॅन लागायचे तिथे साडेचार लागले. मिस्त्री म्हणाला, एवढ्यासाठी एवढं? त्याला निम्मं वाचेल असं वाटलं होतं. मी म्हटलं, निम्मं वाचेल म्हणणारा माणूस खोटं बोलतो. साडेचार मी स्वतः मोजलेत. आणि त्या साडेचारात होडी लिलावाच्या आधी किनाऱ्याला लागत होती, हे त्याला मोजता येत नव्हतं, आईला येत होतं. दांड्यांवर सुकायला जाणारी मासळी इतकी कमी झाली की तिने अर्ध्या दांड्या शेजारच्या काकूला वापरायला दिल्या.

होळीच्या आदल्या दिवशी ट्रॉलरवाला आला. बाबांनी त्याला अंगणात बसवलं, चहा दिला, आणि सांगितलं की शब्द दिला होता, आज परत घेतोय, राग मानू नकोस. त्याने मला विचारलं, त्याच्या ट्रॉलरला असं काही बसवता येईल का. मी म्हटलं, आधी तुमच्या होडीवर दोन दिवस येईन, तुम्ही कसं काम करता ते बघेन, मग सांगेन.

आता आमच्या गावातल्या पाच होड्यांवर मी टर्बो बसवलेत. पाचही होड्यांवर आधी समुद्रात जाऊन आले. आमची होडी मोडीत गेली नाही. बाबा अजून तिच्यावर तांडेल आहेत.